पटावरची नावं

फेरीबोटीतून उतरले तेव्हा धक्क्यावर तोच वास :
डिझेल, भिजलेली लाकडं, उकडलेले शिंपले.
ठाण्यातला पोरगा म्हणाला, मॅडम, तुम्ही इथल्याच ना?
मी म्हटलं, होते.

हरवलेली व्यक्ती : उबेरलिंदा मान्सिया. वय एक्क्याऐंशी.
निवृत्त शिक्षिका. अंगावर राखाडी लोकरीची शाल.
शेवटचं पाहिलं मंगळवारी पहाटे, कोंबड्यांना दाणे टाकताना.
गमबूट दाराशी, नीट जोडून ठेवलेले.
विसरायच्या हल्ली, भाची सांगत होती,
चहात मीठ घालायच्या. पाढे मात्र कधी चुकल्या नाहीत.

मी लिहून घेत होते.
माझ्या ‘र’ची शेपटी अजून बाईंनी वळवली तशीच वळते.

चौकशीला दारोदार गेले.
प्रत्येक दारात आधी एलादिओ निघायचा, मग बाई.
फार वाईट झालं गं, म्हणायचे,
आणि हातात बटाट्याची गरम भाकर कोंबायचे.
साक्षीदाराकडून काही घ्यायचं नसतं.
मी अकरा भाकऱ्या घेतल्या.

मार्चमध्ये तो साल्मनच्या पिंजऱ्याखाली उतरला, जाळं शिवायला.
हवेची नळी वर आली.
नात्यातल्या माणसाचा तपास आपल्याकडे देत नाहीत, नियमच आहे.
मी सांतियागोत बसून नऊ दिवस
दुसऱ्यांची हरवलेली माणसं वाचत राहिले.
दहाव्या दिवशी फोन आला.

आमच्या घराच्या जागी चार दगड आणि गवत.
घर पडलं नाही. गेलं.
बाबांनी विकलं त्या वर्षी त्याच्याखाली ओंडके सरकवून
सहा बैलजोड्यांनी ते किनाऱ्यावर ओढत आणलं,
भरतीवर सोडलं, बोटींना बांधलं,
आणि समोरच्या केतुय बेटाकडे आमचा स्वयंपाकघराचा पडदा
हलत हलत निघाला.
एलादिओ कुणाचं न ऐकता छपरावर चढून बसला होता.
बाईंनी त्या दिवशी शाळा सोडून दिली,
सगळ्यांना वाळूत रांगेनं उभं केलं :
बघून घ्या. उद्या दहा ओळी लिहून आणायच्या.
मी चौदा आणल्या होत्या. त्यानं एकही नाही.

बाईंच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे,
भरती-ओहोटीचं छापील पत्रक.
मंगळवार, पाच चाळीस. खाली लाल पेन्सिलची रेघ.

गाळातून जायचं तर अनवाणी जायचं,
बूट गाळ धरतो, पाय सोडतो.
हे कुणी शिकवलं होतं?

गुरुवारी ओहोटीला मी मोजे काढले.

धुराडं धुरत होतं. दोन रात्री झाल्या होत्या,
तरी आम्हा दोघींत त्याच जास्त कोरड्या.
रिकाम्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभ्या,
हातात वही म्हणून शेवाळी फळकुट.
अगिलार, त्या म्हणाल्या. थांबल्या.
बार्रिया, एलादिओ.

वर्गात माझ्या नावाच्या अलीकडे नेहमी तोच असायचा.
आणि नेहमी उशिरा यायचा, म्हणून बाई
त्याच्या नावापाशी थोडं जास्त थांबायच्या.
आताही थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत.

कमरेचा वायरलेस खरखरला. बंद केला.

येतोय, बाई. किनाऱ्यावर रेंगाळलाय.

काय करावं या मुलाचं, असं पुटपुटत
त्यांनी फळकुटावर काहीच खूण केली नाही.
बार्रिया, सोइला.

हजर.

चला बाई, पाणी चढतंय, मी म्हटलं.
सगळा पट होऊ दे आधी, त्या म्हणाल्या. खाली बस. पाय पूस.
कार्कामो. मान्केमिया. ओयार्सून, दोघंही.

अहवालात लिहिलं आहे : सुखरूप सापडली.
पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच थांबावं लागलं.

बोट मागवता आली असती.