कोपर क्रमांक एकतीस

वीजघरापासून राखेच्या तलावापर्यंत
साडेआठ किलोमीटर पाइप.
आत राख आणि पाणी,
बाहेरून ऐकलं तर कोणी रात्रंदिवस ज्वारी दळतंय.
राख लोखंड खाते. तळाकडून, हळू,
वळणावर जास्त.
वळणाला आम्ही कोपर म्हणतो. कोपर चौसष्ट.

माझ्याकडे दोन दिवस, एक यंत्र,
जेलची अर्धी बाटली
आणि रंगाचा डबा धरणारा लटारू नैताम.

कापायचं नाही, भोक पाडायचं नाही.
प्रोब टेकवला की आवाज आत जातो,
पलीकडच्या कडेला लागून परततो;
परतायला लागला वेळ, तेवढी जाडी.
आई बुधवारच्या बाजारात मडकी अशीच घ्यायची,
बोटाच्या पेरानं वाजवून.
रांजण तीनदा.
पणत्या एकदाही नाही, डझनानं टोपलीत.

ऑफिसात त्याचाच तक्ता होतो:
आडवी शक्यता, उभा परिणाम,
गुणाकार,
लाल, पिवळा, हिरवा.

सतरा सगळ्यात पातळ. मागच्या साली पाच पॉइंट एक.
खाली तरोटा, गोखरू, दोन बाभळी.
साहेब म्हणाले, आधी सतराच करा.
एकतीस सात पॉइंट चार,
नकाशात बाजूला बारीक अक्षरात: पडीत.
हिरवा.

"मॅडम, त्या पडीतात आंगनवाडी झाली ना जी,
तीन सालं झाले.
माही नात जाते तिथं."

मी पेनानं पडीत खोडलं.
परिणाम एक होता, पाच केला.
रंग बदलला.
जाडी तीच होती.

एकतीसपासून भिंत अकरा पावलं.
खिचडीचा वास. आत कोणीतरी पाढे चुकत होतं.
मी पाइपाखाली पाठीवर निजले, तळाला जेल लावलं,
ते टपकून कानात गेलं.
सहा पॉइंट दोन.
पुन्हा घेतलं. सहा पॉइंट दोन.
एका सालात एक पॉइंट दोन.
चारच्या खाली चालत नाही.
लिहिलं: मार्चच्या आत पाइप फिरवा, झिजली बाजू वर.
लटारूनं पिवळी खूण केली,
गरजेपेक्षा मोठी.

दुसऱ्या दिवशी सतराला जेल संपलं.
बारापैकी पाच जागा झाल्या.
उरलेल्या सात रकान्यांत
मी "तपासलं नाही" असं लिहिलं,
सातदा, पूर्ण अक्षरांत.

पाइपाच्या सावलीत एक शेळी बसली होती.
तिला कुठं धरायचं, तक्त्यात नव्हतं.
मी हाकलली.
ती परत आली.