मिनिटभर चालते, मग बंद

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
पाटी अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात,
पेंटरनं 'कार्बोरेटर' दोन्हीकडं चुकवलाय.
बाकावर बसवण्णेप्पा, मांडीवर फवारणीचा पंप.
"चालू आगतैत्री, मत्त बंद आगतैत्री."
बघतो म्हटलं. तेवढ्यात फोन.

भरमा बेनके, येळ्ळूरचा.
पलटणीत माझ्या हाताखाली सहा महिने पाने पुसलेलं पोरगं.
आवाज दोन श्वास उशिरा पोचतो,
तिथं वर सगळ्यालाच उशीर होतो म्हणा,
पाणी उकळायला, पत्र यायला,
बोट गेलंय हे बोटाला कळायला.
"उस्ताद, बर्फावरची स्कूटर. चालू होतीय,
मिनिटभर चालतीय, मग बंद पडतीय की."
कुठली?
"पिवळी. तुमचीच."

पिवळी.
तिच्या बॉनेटखाली कुठंतरी
माझ्या डाव्या अंगठ्याचं कातडं अजून असेल.
उणे चाळीसला लोखंड धरलेला हात सोडत नाही.
हातमोजा काढायचा नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं
आणि मीच काढला,
मोहरीएवढ्या एका स्क्रूसाठी.

बरं. प्लग काढ. ओला आहे?
"कोरडा. बिस्किटाच्या रंगाचा."
म्हणजे तेलाचं माप बरोबर, ठिणगीही आहे.
पेट्रोलच पोचत नाही. फिल्टर बघितलास?
"बघितला."
पाणी?
"थेंब नाही."
नळी कुठं मुडपलीय?
"नाही की."
रात्री तिला फळ्यांवर उभी केली होतीस ना?
दोन श्वास. मग आणखी दोन.
"पहिल्या रात्री नाही."
पहिल्या रात्री कोणीच करत नाही, भरमा.
सकाळी पट्टा बर्फात रुजलेला असतो,
पहारीनं खणून काढावा लागतो, भुईमुगासारखा.
पण तो रोग वेगळा. ती जागची हलत नाही तेव्हाचा.
ही तर चालते, आणि मरते.

इथं माझी विद्या संपली.
लाईनवर नुसता वारा,
पलीकडं फाउंड्रीत कुणी तरी ओतीव तोडत होतं,
आणि कॅनमध्ये रॉकेल घेऊन कुठल्या चौकीवर
कोण वाट बघत असेल, ते मी विचारलं नाही.
तसलं विचारायचं नसतं.

बसवण्णेप्पाला कंटाळा आला असावा.
त्यानं पंपाच्या टाकीचं झाकण सहज सैल केलं.
सुस्स.
टाकीनं केवढा थोरला श्वास आत ओढला!
झाकण हातात घेतलं. सुईच्या टोकाएवढं भोक,
आणि त्यावर कुंभारमाशीनं
नीट, सवडीनं लिंपलेलं घर.

भरमा, टाकीचं झाकण उघड. हळू.
फोन जवळ धर.
दोन श्वास.
सुस्स.

तीच ती. ऐक,
खाली पेट्रोल उतरायचं तर वरनं हवा आत यावी लागते.
झाकणाच्या नळीत कुणाची तरी वाफ गोठलीय,
तुझीच बहुतेक,
वाकून पेट्रोल मोजताना दाढीतनं निसटलेली.
तारेनं काढ. तोंडानं फुंकू नकोस,
ओठ तिथंच राहील.
"व्हय, उस्ताद."

खडखड, धूर दिसत नाही पण मला वास आला,
मग तो फाटका, ओळखीचा आवाज.
आम्ही दोघं गप्प. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो,
तोही कशाकडं तरी बघत असणार.
वीस. चाळीस. पन्नास.
बावन्नला लाईन तुटली.

परत लावला. लागत नाही.
पुन्हा लावला.
मग टाचणीनं माशीचं घर खरवडलं, झाकण बसवलं,
दोरी ओढली. पंप एका दमात सुरू.
गल्ली धुरानं भरली, समोरचा लेथवाला शिव्या देत बाहेर आला,
बसवण्णेप्पा खिशात हात घालून ओरडतोय,
"साक री, साक! चालू आत!"
मी हात वर केला. थांब.
अजून मिनिट व्हायचंय.