सकाळी रिकामी असायला हवी

पहाटे तीनला अजून डोळा उघडतो.
बेकरी विकून सहा वर्षं झाली,
कुपिश्किसच्या त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्त करतात,
पण हातांना हे कुणी सांगितलेलं नाही.
म्हणून खुराड्याचं दार मीच उघडतो,
टॉर्च दातांत धरून.

पाच उतरल्या. सहावी फळीवरच.
पिल्का, आमची राखाडी,
पिसं फुगवून, चोच अर्धी उघडी,
विसरलेला शब्द आठवत बसल्यासारखी.

गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला हात घातला.
रात्री तट्ट, सकाळी सपाट,
एवढंच त्या चाऱ्याच्या पिशवीचं वेळापत्रक.
हिची फुगलेली. मऊ, डुचमळणारी.
बोट दाबलं तर खड्डा क्षणभर तसाच राहिला,
आणि चोचीतून वास आला
तो नाकाच्या आधी हातांनी ओळखला.

आंबलेलं पीठ!
चाळीस वर्षं मी हाच वास विकून पोट भरलं.
राईच्या काळ्या पावाचं ते विरजण,
त्याला रोज भरवायचं, थंडीत चुलीजवळ निजवायचं,
गावाला जाताना शेजारणीच्या हवाली करायचं.
तेच आता दोन किलोच्या जिवात
भलत्या जागी फसफसत होतं.

स्किर्मान्तेला फोन लावला.
तिने सामुदायिक शेतीच्या काळात गाई सोडवल्यात,
कोंबडीसाठी उठवलं म्हणून आधी शिव्या घातल्या.
मग : खायला काय घातलंस?
मी गप्प.
वायदोतास, काय घातलंस?
शिळ्या पावाचे काठ, म्हटलं. थोडेसे.
रोज.

आमच्याकडे पाव टाकत नाहीत.
खाली पडला तर उचलून ओठांना लावतात.
आईने हे मला चमच्याच्या दांड्याने शिकवलं होतं.

दाणा बंद, ती म्हणाली, एक दिवस. पाणी असू दे.
हलक्या हाताने चोळ, घाई नको.
बुरशीवरचं औषध देते, वजन करून सांग.
आणि उलटी धरून ओकवू नकोस,
लोक करतात तसं. पाणी श्वासात जातं,
कोंबडी हातातल्या हातात जाते.

पाव टेबलावर उलटा ठेवू नये, हेही आईचंच.

पिठाच्या काट्यावर पिल्का : एक किलो आठशे साठ.
ती काट्यावर उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी,
आकड्याकडे संशयाने बघत.

मग मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ती.
अंगठ्याने गोल, गोल.
कणीक मळताना खांद्यातून जोर यायचा,
इथे जोर परत खांद्यात ढकलायचा.
आत काहीतरी लोळ्यासारखं सरकतं,
गवताची एखादी दोरी हाताला लागते, निसटते.
गेनोवाइते दारात उभी, चहाचा कप घेऊन.
"चाळीस वर्षांत माझी पाठ कधी चोळली नाहीस."
"तुझं वजन काट्यावर मावत नाही," म्हणालो,
आणि रात्रीचं जेवण स्वतः गरम करून घेतलं.

दुसरा दिवस वाईट गेला.
कपडे धुण्याच्या खोलीत, खोक्यात, ती डोळे मिटून.
औषध अर्धं माझ्या बाहीवर.
कुऱ्हाड शेडमध्ये आहे हे मला माहीत होतं,
गेनोवाइतेलाही. तिने शेडची किल्ली
उगाच दुसऱ्या खिळ्याला टांगली.

आज तिसरी पहाट. दिवा लावला नाही.
हात घातला :
कातडीला कातडी. तळाशी चार खडे,
रिकाम्या खिशातल्या सुट्या पैशांसारखे.
तिने माझ्या कोटाचं बटण टोचलं,
मग पुन्हा, रागाने.

औषध अजून चार दिवस आहे.
खडी आणायची, गवत कापायचं, आखूड.

कोटाच्या खिशात सवयीने भरलेले काठ होते.
अंगणात उभ्या उभ्या मीच खाल्ले,
कडक, आंबट, एकेक करून.
जाळीआडून पाचजणी बघत राहिल्या.