पाटकरी

पिंपळनेरच्या अलीकडे, माळावर,
चौदा पांढरे कंटेनर ओळीनं उभे.
आत पंखे घुरघुरतात.
दादा कुंपणाशी थांबून आधी विचारतो,
"पानी कोठे शे?"

माझा बाप पांझरेच्या फडावर एकतीस वर्षं पाटकरी होता.
त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे दोन सेलची,
रात्री पाटावर विंचू दाखवणारी.

मी त्याला स्क्रीनपुढे बसवते.
हा बंधारा, दादा. आत्ता एकसष्ट टक्के भरलाय.
विसाच्या खाली उतरू द्यायचा नाही.
तो मान डोलावतो. तळ राखणं त्याला कळतं.
दुपारी उन्हाची वीज उतू जाते, ती आत घेतो.
आकड्याआधी उणे असेल तर आत,
नसेल तर बाहेर,
त्याच तारेनं.
"पानी उलटं चढस?"
चढतं.
तो हसत नाही. खुर्ची थोडी मागे सरकवतो फक्त.

सहा बावन्न.
ब्राह्मणवेलच्या पंख्यांची उरलीसुरली वीज आत येतेय, उणे चार,
आणि तिकडे वारा पडतो.
गावोगाव एकाच वेळी दिवे, मिक्सर, नळाच्या मोटारी.
पन्नासाचा आकडा खाली सरकतो:
एकोणपन्नास पूर्णांक नव्वद,
शहाऐंशी,
ब्याऐंशी.
साऱ्या देशाची नाडी, एवढीशी ढिली.

इन्व्हर्टरला माझ्या आधी कळलेलं असतं.
जेवढी घसरण तेवढंच द्यायचं, हे त्याला शिकवलंय,
बारीक थरथरीकडे लक्ष द्यायचं नाही, हेही.
उणे तीन. उणे एक.
शून्य.
इथे क्षणभर कोणी कोणाचं देणं लागत नाही.
मग दोन. पाच.

लोड डिस्पॅचचा फोन: बारा द्या मॅडम, लवकर.
देते. पण टप्प्याटप्प्यानं.
"एकदम दार उघडू नको," मागून दादा, "बांध फुटस."
हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.
आमच्या मॅन्युअलमध्ये यावर साडेतीन पानं आहेत.

आठला तडवी सर येतात, डबा ठेवतात,
रजिस्टरवर सही करतात.
चौतीस टक्के उरले, मी सांगते.
जिना उतरताना दादा विचारतो, शेवटचं शेत कोणतं?
पाळी संपली की तो शेपटापर्यंत चालत जायचा,
ओल पायानं बघायचा.
मला सांगता येत नाही.
वीज सगळ्यांच्या विजेत मिसळते,
आपली कुठे गेली ते कोणालाच दाखवता येत नाही.
हे उत्तर त्याला पटत नाही. मलाही
पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

गावात शिरताना तो स्कूटी थांबवायला लावतो.
सुपडू न्हाळदेची गिरणी चालू आहे.
पट्टा फिरतोय, बल्बभोवती पिठाचा धूर.
दादा चपला काढून आत जातो,
पन्हाळीखाली तळहात धरतो.
ज्वारीचं पीठ, कोमट.
सुपडू बघतच राहतो.
दादा मूठ मिटतो, उघडतो,
आणि दारातल्या मला ओरडून सांगतो,
"उनं वं, पानी उनं!"