पंधरा नंबरचा पाना

पहाटेचे चार. अस्मारा अजून
पांढऱ्या नेत्सेलात नाकापर्यंत गुरफटलेलं.
टेबलावर मी मांडलाय सगळा पसारा
आणि शेजारी एक जुना मोजा.
त्यात मावेल तेवढंच न्यायचं.

ओक्बायमामाला शर्यती सोडून बत्तीस वर्षं झाली,
नियम अजून त्याचाच:
उतरताना ज्याचं वजन कळत नाही
ते चढताना नाव घेऊन हाक मारतं.
गिंदापर्यंत खाली जाताना वळणं कोण मोजतो?
परतीला वळणंच आपल्याला मोजतात.

ट्यूब एक. ठिगळं सहा.
सोल्युशनची नळी दाबून बघितली, आत नुसती हवा.
बदलली.
टायर उचकटायला दोन चमचे,
आईच्या लग्नातल्या संचातले. तिला माहीत आहे.
हल्ली ती साखर सुरीच्या टोकानं ढवळते,
माझ्याकडे बघत.

चेन तोडायचं हत्यार
घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं.
तीन वर्षांत एकदाही तुटलेली नाही.
मामा म्हणतो, न तुटलेल्या चेनचा भरवसा
म्हणजे न बघितलेल्या जावयाचं कौतुक.

स्पोकची चावी राहू दे.
वाकडं चाक डुलत डुलत का होईना, घरी येतं.

उरला हा पाना, पंधरा नंबरचा.
वीतभर लांब, सगळ्यात जड.
माझ्या सायकलवर याला बसेल
असा एकही नट नाही.

मागच्या डिसेंबरात, नेफासितच्या वर, धुक्यात
एक पोरगा बसला होता रस्त्याकडेला.
कॅरियरवर पाण्याचे दोन पिवळे कॅन,
मागचं चाक ढिलं होऊन चौकटीला घासत होतं.
कठड्यावरून आयाळवाली माकडं बघत होती.
तो बोटांनीच नट आवळत होता. बोटं सोललेली.
माझ्याकडे सगळं होतं,
चकचकीत, घडीचं, माझ्यापुरतं.
मी त्याला एक संत्रं दिलं.
ते त्यानं खिशात ठेवलं
आणि ओझ्यासकट सायकल ढकलायला लागला,
वर की खाली, आता आठवत नाही.

एक चमचा परत ड्रॉवरमध्ये.
दुसऱ्या बाजूला अंगठा आहेच.
पाना घातला. मोज्याच्या भोकातून
त्याचं तोंड बाहेर आलंय.

मामा उठलाय. मोजा हातावर तोलतो,
बोटानं ते तोंड चाचपतो.
"जड आहे," म्हणतो,
आणि बाहेर जाऊन
माझ्या टायरमधली हवा बघतो.