गळ्याचं माप

वहीत पहिली नोंद पेन्सिलीची आहे:
शमीम हमदुले, वय अकरा, छाती सव्वीस,
खांदा साडेअकरा, गळा बारा.
शाळेच्या गॅदरिंगसाठी शिवलेली नऊवारी. पैसे उद्या.

बाप हिद्दच्या गोदीत वेल्डर, मूळ दाभोळकडचा.
आई स्टुलावर बसून हळदीचं गाणं पुटपुटत होती
आणि पोरगी माझ्या मशीनच्या खडखडाटावर
टाचा आपटत होती.
म्हटलं, हलू नकोस गं, माप चुकेल.
चुकलंच. डाव्या खांद्याला अर्धा इंच जास्त गेलं.
तिनं ते वर्षभर मिरवलं.

मग सतराव्या वर्षी आली
शेजारच्या उम्म राशिदचा जुना थोब घेऊन,
जरीचा, झिरझिरीत, वाऱ्याला फितूर.
"मास्तर, याच्या आत काष्टा बसेल?"
बसत नाही. कापडाला कापडाचा स्वभाव असतो.
एक सुटायला बघतं, एक मांडीला धरून राहतं.
मनामाच्या सूकमध्ये सगळी दुकानं बंद झाल्यावर
तीन रात्री उसवत बसलो.
बसला.

तिकडे मुहर्रकला अबू खलफान नावाचा म्हातारा होता,
मोत्यांच्या होड्यांवर गायलेला.
बायकांना शिकवत नसत ते गाणं.
त्यानं दार अर्धं लोटून घेतलं आणि आतून शिकवलं:
आधी तळाची गुरगुर, पोरी,
समुद्र खाली बोलतो तशी. वरचा सूर नंतर.
ही उंबऱ्याबाहेर मडक्यावर थाप देत
दोन हिवाळे नुसती गुरगुरली.

मग त्या गुरगुरीवर तिनं
आईचं हळदीचं गाणं अलगद सोडलं.
कोल्ड स्टोअरच्या मागच्या खोलीत, एका टेपरेकॉर्डरवर.
नीट ऐकलं तर त्यात फ्रीजसुद्धा ऐकू येतो.

मंडळात म्हणाले, हे काही मराठी नव्हे.
सूकमधले म्हणाले, शब्द आमचे, पण तोंड परकं.
जमातीकडून बापाला निरोप आला.
आई एवढंच म्हणाली, मना काय ठावं,
माझं गाणं इतकं लांब कसं गेलं.
आणि टॅक्सीवाल्यांनी, मल्याळी असो की पठाण,
भर जूनमध्ये काचा खाली करून ते वाजवलं.

पुढे दुबई. मोठी नावं, मोठे दिवे.
कपडे दुसरे शिवायला लागले. वही कोरी.
टीव्हीवर दिसायची,
हजार माणसं तिच्याबरोबर हळद लावत नाचायची
आणि मी बघायचो तो डावा खांदा,
अजून अर्धा इंच उतरता.
त्या महागड्या शिंप्याला कळलंच नव्हतं.

एकदा मुलाखतीत म्हणाली,
मी वेगवेगळी गाणी शिवते, माझ्या मास्तरांसारखी.
गल्लीतल्यांनी मला चहा पाजला.
पण मला ते पटलं नाही.
शिवण असेल तर कापड उलटं केल्यावर दिसते.
तिचं गाणं मी कितीदा उलटं करून पाहिलं.

गेल्या डिसेंबरात आली, एकटीच, ओढणी गुंडाळून.
"गळा जरा मोठा ठेवा, मास्तर."
आवाज कागद चुरगळावा तसा.
टेप फिरवताना बोटाला टाक्यांची रेघ लागली,
बारीक, सफाईदार. माझ्या हातून झाली नसती.
विचारलं नाही. लिहिलं: गळा साडेचौदा.

तीच म्हणाली, वरचा गेला.
खालचा आहे अजून.
आणि ट्रायल रूमच्या पडद्याला टेकून
तिनं तो लावला, तोंड मिटूनच.

टेबलावरची कात्री हलायला लागली.
टाचण्यांच्या डबीत बारीक पाऊल वाजलं.
मागे जमीलनं इस्त्री उचलून हवेत धरली,
कुणाचा तरी पांढरा झगा जळू नये म्हणून.