चाळीस सेंटिमीटर

सकाळी आठला अजून अंधारच असतो.
मी आणि ओस्मो गिरमिट घेऊन गोठल्या समुद्रावर जातो,
भोक पाडतो, पट्टी सोडतो, वहीत आकडा लिहितो.
काल सव्वीस. आज सव्वीस.
ओस्मो नाक पुसत म्हणतो, ‘रौनी, समुद्र सुट्टीवर आहे.’
बेटावरून फोन येतात, रस्ता कधी?
चाळीस झाल्याशिवाय गाडी नाही, मी सांगते.
एकोणीस हिवाळे हेच सांगते,
आवाजसुद्धा न चढवता.

घरी मात्र माझी मलाच घाई.
कादंबरीतला पोस्टमन, ताउनो त्याचं नाव,
तीन आठवडे त्या बाईच्या दाराशी उभा आहे.
कडीवर हात, बुटांना चिखल.
त्याच्या थैलीत काय आहे ते मला ठाऊक आहे,
आत कसं घ्यायचं ते कळत नाही.
रात्री नऊ ते दहा मी त्याच्यासमोर बसते.
कॉफी गार होते
आणि एक ओळ येते, तीही लंगडत:
‘त्याने पाय झटकले.’
एवढीच दिवसाची कमाई.

मंगळवारी भरभरून आलं.
चार पानं!
चंद्र, बर्चची झाडं, त्याची आई, आईची शाल,
सगळं मऊ, सगळं पांढरं,
घसरगुंडीवरून यावं तशी लिहीत गेले.
ताउनो दाराशीच.

बुधवारी उजाडलं तर घोटाभर हिम.
ओस्मोने शिवी हासडली, ट्रॅक्टरला पातं लावलं.
नवा पोरगा, इल्मो, विचारतो,
‘बर्फ वाढायला हवाय ना, मग हिम का खरवडता?’
दरवर्षी कुणीतरी विचारतं, दरवर्षीचंच उत्तर दिलं:
‘हिम म्हणजे दुलई, बाबा.
वर दुलई असली की खाली थंडी पोचत नाही.
बर्फ वरून चढत नाही, खालून धरतो,
काळ्या पाण्यालगत, कुणाला न दिसता.
त्याला उघडं ठेवावं लागतं.’
बोलले,
आणि फावड्यावरचा हात तसाच राहिला.

त्या रात्री चारही पानं खरवडली.
शाल जाताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू,
ती माझ्या आईचीच होती.
उरलं दार, कडी, ओले बूट
आणि थंडी.
वीस मिनिटं काही नाही.
मग आतून बाई म्हणाली,
‘पत्र असेल तर फटीतून टाका.
माणूस असेल तर थांबा, बूट घालते.’

थांबलाय तो.
बूट घालायला तिला किती दिवस लागतील, देव जाणे.
गुडघे दुखतात तिचे,
हे मलाही तेव्हाच कळलं.

आज सत्तावीस.
ओस्मो म्हणतो, यंदा काही चाळीस होत नाहीत,
मार्चचं ऊन आधी गाठेल.
असेल. गेल्या वर्षीही झाले नव्हते.
लोक फेरीबोटीने गेले, कुरकुरत.
वहीत तरी रोजचा आकडा आहे,
एकही दिवस कोरा नाही.
गिरमिट पुसून खुंटीला टांगलं.
उद्या आठला.